पासंग

अकरा चाळीसला रांग कोपऱ्यावरून वळते
आणि शिंप्याच्या दारापाशी येऊन थांबते.
शिंपी काही म्हणत नाही, त्याचं पुडकं आधीच बांधून ठेवलेलं असतं.

क्लुआंगच्या या गल्लीत दुपार घड्याळावर होत नाही.
काचेच्या कपाटातले हुक रिकामे होत जातात, त्यावरून कळते:
आधी बदकं संपतात,
मग डुकराच्या पोटाचे पट्टे, ज्यांची साल दाताखाली कुरकुरते,
मग लालबुंद चार सिऊ, कडेला जळून काळं पडलेलं.
ती जळकी कड मागणारे आम्ही चार-पाच जण
एकमेकांकडे बघायचं टाळतो.

मी रबराच्या गोदामात एकतीस वर्षं काट्यावर होतो.
ओलं रबर, सुकं रबर, चिकात मिसळलेलं पाणी,
मापात पाप कुठे दडतं ते अजून बोट ठेवून दाखवीन.
बायको म्हणते,
नातू झाला तेव्हा तू नाव विचारायच्या आधी आकडा सांगितलास.

म्हणून सांगतो,
म्हाताऱ्या काम वेंगने काटा कधी ठेवलाच नाही.
त्याचा सुरा एकदा पडायचा.
ठक्.
मांडीचं हाड दुभंगायचं, वरची कातडी जागची हलायची नाही,
आणि सगळे तुकडे पात्यावरून भातावर उतरायचे
जणू कोंबडीला अजून काही कळवलेलंच नाही.
मी मनात मोजायचो. एकशे ऐंशी. एकशे पंच्याऐंशी.
समोर शाळेचा गणवेश असला की दोनशे दहा.
हे त्याला माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये त्याचा खांदा गेला.
आता मुलगा उभा असतो, झी कियान,
शेजारी आकडे चमकणारा काटा.
ठक् ठक् ठक्.
रांगेत कुणीतरी खाकरलं. सेल्लैया, रेल्वेचा जुना सिग्नलवाला,
मान न वळवता म्हणाला, "भात तोच आहे."
भात तोच होता.
आल्याचा, लसणाचा, गाठ मारलेल्या पांदानच्या पानाचा,
कोंबडीच्या चरबीने शीत न् शीत सुटलेला.
नुसता खाल्ला तरी चालेल असा.
पण आमचे कान उपाशी राहिले होते.

म्हातारा मागच्या टेबलावर लसूण सोलत बसतो
आणि प्रत्येक ठक्ला
त्याचा अंगठा किंचित दबतो.

काल दुकान आवरताना त्याने मला हाक मारली.
भिंतीला टेकवलेला जुना ओंडका, चिंचेचा,
मधोमध खोलगट, त्यात वाटीभर सूप राहील इतका.
"सोमवारी नवा येतोय. उचलून सांग, किती?"

गोदाम सुटल्यापासून मला वजन कुणी विचारलं नव्हतं.
मी गुडघे वाकवले, धरला, क्षणभर थांबलो.
"साडेअकरा."
झी कियानने काट्यावर ठेवला. अकरा सहाशे.
म्हातारा हसला. "आणला तेव्हा एकोणीस होता."

मग कुणीच बोललं नाही.
मी हिशेब करत होतो. सवयच ती.
शिंपी, सेल्लैया, दवाखान्यातल्या दोघी नर्सेस,
माझी बायको, मी,
पुडक्यात बांधून गावोगाव गेलेले ते सगळे,
रोज कणभर, हाडाच्या चुऱ्यासोबत, मिरचीच्या चटणीखाली.
साडेसात किलो झाड
आम्ही एकही तक्रार न करता खाल्लं होतं.

झी कियानने माझं ताट भरलं, वजन केलं. एकशे ऐंशी, काटेकोर.
ताट काट्यावरून उचललं.
मग सुऱ्याच्या टोकाने एक जळकी कड
वर टाकली, माझ्याकडे न बघता.

मी तिचं वजन सांगू शकलो असतो.

"सूप निवतंय," सिऊ लान गल्ल्यावरून ओरडली,
"आणि तुमचे तीस सेन्ट राहिलेत कालचे."